थॅडियस स्टीव्हन्स : बाबांना मॉर्निंग वॉकला भेटलेला वकील

पडवीतला_पाहुणा:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आईबाबा तीन महिन्यांसाठी इकडे आलेत, पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला (इथले लोक लँकिस्टर म्हणतात, तुम्ही नीट लँकेस्टर म्हटलंत की लगेच कळतं बाहेरचा आहे). आईला मालिका पुरतात, बाबांना काही पुरत नाही. जिल्हा परिषदेत उभी हयात गेली, माणसं बघायची सवय, आणि इथे रस्त्यावर माणूस दिसत नाही. मग रोज सकाळी कानटोपी घालून निघतात नि तासाभराने आल्यावर काय काय पाहिलं त्याचा रिपोर्ट देतात. परवा म्हणाले चेस्टनट आणि मलबेरी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक छोटंसं स्मशान आहे, तिथल्या एका दगडावर मोठा मजकूर कोरलाय, आणि फोन पुढे केला. चष्मा कपाळावर ढकलून मला म्हणाले, "हा कोण रे? हा मेल्यावर पण भांडतोय."

मजकुराचा माझ्या भाषेत अर्थ असा: मी या शांत, आडबाजूच्या जागी पडलोय ते मला एकांताची आवड आहे म्हणून नाही, तर बाकीच्या दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट आहे असं कळलं म्हणून. आयुष्यभर जे तत्त्व सांगत आलो ते मरणातही दाखवता यावं म्हणून ही जागा निवडली. ते तत्त्व म्हणजे विधात्यापुढे सगळी माणसं सारखी.

मी या गावात सहा वर्षं राहतोय आणि त्या कोपऱ्यावरून रोज गाडीने जातो, लाज वाटली. दोन आठवडे मिळेल ते वाचून काढलं, ते इथे ओततोय. विस्कळीत आहे.

थॅडियस स्टीव्हन्स, जन्म ४ एप्रिल १७९२, व्हरमाँटमधलं डॅनव्हिल. एक पाऊल जन्मतःच आत वळलेलं, थोरल्या भावाची तर दोन्ही. बाप घर सोडून गेला, आई सारा हिने चार पोरं राबून वाढवली आणि शाळा जवळ असावी म्हणून मुद्दाम पीचम नावाच्या गावात बिऱ्हाड हलवलं. हा डार्टमथ कॉलेजातून १८१४ ला पदवी घेऊन बाहेर पडला, मग पेनसिल्व्हेनियात यॉर्कला मास्तरकी करता करता वकिलीचा अभ्यास. तिथल्या वकील मंडळींनी नियम काढला की शिकताना दुसरा धंदा करणारा चालणार नाही, तर हा गडी घोड्यावर बसून सीमेपलीकडे मेरीलँडमधल्या बेल एअरला गेला आणि तिथे परीक्षा देऊन आला. परीक्षकांनी आधी टेबलावर मदिरा वाइनच्या बाटल्या ठेवायला लावल्या, मग दोनचार प्रश्न विचारले, अशी गोष्ट सांगतात. १८१६ ला गेटिसबर्गला ऑफिस थाटलं. हो, यादवी युद्धातल्या लढाईचं तेच गेटिसबर्ग, पण लढाईला अजून सत्तेचाळीस वर्षं होती.

आता खरी मेख. १८२१ ला पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टात एक खटला आला. चॅरिटी बटलर नावाची गुलाम बाई, मालक मेरीलँडचा नॉर्मन ब्रूस. पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा असा की बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला की मोकळा. बाईचं म्हणणं, मला वेळोवेळी इथे आणलं त्या सगळ्या दिवसांची बेरीज केली तर सहा महिन्यांच्या वर जाते. समोरचा वकील म्हणाला बेरीज चालणार नाही, सहा महिने सलग पाहिजेत. कोर्टाने मानलं. चॅरिटी आणि तिची दोन मुलं परत गुलामीत.

मालकाच्या बाजूने उभा असलेला वकील म्हणजे हाच, कबरीवर समतेचा मजकूर कोरून घेणारा थॅडियस स्टीव्हन्स.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि बाबांना सांगितलं. ते म्हणाले पुढचं वाच, एवढ्यावर माणूस संपत नाही. पुढचं उद्या लिहितो, इथे रात्रीचे साडेबारा झालेत.


तिखटमीठ:

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. बाबांचं ते भांडतोय वाक्य कमाल आहे, त्यांना सांगा.


मिसळ_एक_पाव_दोन:

हे म्हणजे ऐन मोक्याला इंटरव्हल. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.


काळा_कोट:

जिल्हा न्यायालयात वीस वर्षं प्रॅक्टिस आहे म्हणून दोन शब्द. अशील दारात आला, वकीलपत्र घेतलं, कायद्यातली फट दिसली, ती लढवली. यात एवढं लॅपटॉप मिटण्यासारखं काय आहे? तो तेव्हा एकोणतीस वर्षांचा, आईला पैसे पाठवायचे असणार. सलग आणि एकूण यावर आम्ही आजही भांडतो, भाडेकराराच्या दाव्यात तर रोज. आणि ही फट काही त्याने शोधलेली नाही. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राजधानी फिलाडेल्फियाला होती, तेव्हा साहेब आपले गुलाम सहा महिने भरायच्या आत राज्याबाहेर फिरवून आणायचे, म्हणजे घड्याळ परत शून्यावर. मोठ्ठी परंपरा आहे.


शाळामास्तरीण:

काळा कोट, वकील म्हणून तुमचं बरोबर असेलही पण त्या बाईच्या दोन मुलांना तुमचा सलग-एकूण कसा समजावणार? ती मुलं सलगच गुलाम होती.


काळा_कोट:

ताई, हे वाक्य कोर्टात कुणी माझ्यासमोर म्हटलं असतं तर मी खाली बसलो असतो.


पडवीतला_पाहुणा:

आलो. सगळ्यांचे आभार. चॅरिटी बटलरविरुद्धचा खटला त्याने जिंकला, पण त्यानंतर मालकाच्या बाजूने असा खटला लढवलेला सापडत नाही, उलट पळून आलेल्यांचे खटले फुकट लढवायला लागला. एक दंतकथा अशी की पुस्तकं घ्यायला साठवलेले ३०० डॉलर घेऊन बाल्टिमोरला निघाला होता, वाटेत खानावळीत एक बाई रडताना दिसली, नवऱ्याला विकणार होते, तर याने तेच पैसे मोजून त्या माणसाला सोडवलं आणि पुस्तकांशिवाय घरी परतला. दंतकथा म्हणूनच घ्या. पण १८३७-३८ ला पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना लिहायला जे अधिवेशन भरलं त्यात हा सदस्य होता, आणि त्या घटनेने काळ्या पुरुषांचा मताधिकार काढून घेतला म्हणून याने तिच्यावर सही केली नाही, हे मात्र पक्कं.

त्याच्या आधी १८३३ ला राज्याच्या विधानसभेत निवडून आला होता, फ्रीमेसन या गुप्त संघटनेच्या विरोधातल्या पक्षाकडून. गुप्त मंडळींवर याचा भारी राग. हा भाग मी पटकन सोडतो कारण मला त्यात फार रस नाही आणि त्याचाही पुढे राहिला नाही.

१८३७ ला कॅलेडोनिया नावाचा लोखंडाचा कारखाना काढला, जन्मगावच्या काउंटीचं नाव दिलं. कारखान्याने नफा कमी आणि कर्ज जास्त दिलं, ते फेडायला १८४२ ला लँकेस्टरला वकिली हलवली. इथून १८४८ ला काँग्रेसमध्ये निवडून गेला.

आणि १८५१ चा क्रिस्टियानाचा खटला. हे गाव आमच्याच काउंटीत, माझ्या घरापासून अर्धा पाऊण तास. मेरीलँडचा एक मालक पळालेले गुलाम पकडायला माणसं घेऊन आला, विल्यम पार्कर नावाच्या काळ्या माणसाच्या घरावर चालून गेला, तिथे झटापट झाली आणि मालकच मेला. सरकारने अडतीस जणांवर देशद्रोह लावला. देशद्रोह! कॅस्टनर हॅनवे हा गोरा गिरणीवाला पहिला आरोपी, का तर तो घोड्यावर तिथे आला आणि पकडणाऱ्यांना मदत करायला नाही म्हणाला. स्टीव्हन्स बचावाच्या वकिलांत होता. ज्युरीने पंधरा मिनिटांत हॅनवेला निर्दोष सोडलं. खटला चालला फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलमध्ये, जिथे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या त्याच इमारतीत.


शाळामास्तरीण:

तुम्ही शाळांचा मुद्दा गाळलात, तोच तर मला माहीत होता म्हणून धागा उघडला. पेनसिल्व्हेनियात १८३४ ला सगळ्या मुलांसाठी करातून चालणाऱ्या शाळांचा कायदा झाला. आमच्या पैशाने दुसऱ्यांची पोरं का शिकवायची म्हणून गावोगाव बोंब, आणि पुढच्याच निवडणुकीत तो रद्द करा म्हणणारे भरभरून निवडून आले. सिनेटने रद्द करायचं विधेयक पास सुद्धा केलं. आधी तिथे काय होतं, तर आम्ही गरीब आहोत असं सांगितलेल्यांच्याच पोरांची फी सरकार भरायचं. एप्रिल १८३५ मध्ये स्टीव्हन्स खालच्या सभागृहात उभा राहिला आणि त्याने सांगितलं की अशाने शाळेत दोन जाती तयार होतात, एक फीवाल्यांची आणि एक दयेवरची. मतं फिरली, कायदा वाचला.

मी ज्या शाळेत आहे तिथे वर्गात उभं करून सवलतीवाल्यांची यादी वाचायचे, आत्ता आत्तापर्यंत. त्या मुलांचे चेहरे ज्याने बघितलेत त्याला हे भाषण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.


खडूस_आजोबा:

सगळे आरती ओवाळताय म्हणून मी विरोधी पक्षात बसतो. हा माणूस सूडबुद्धीचा म्हणून प्रसिद्ध आहे. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेची जमीन काढून घ्या म्हणाला, लिंकननंतरचा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन याला खुर्चीवरून खेचायला मरायला टेकलेला असताना उठून बसला. जीभ तर कात्रीसारखी. आमच्या काळी कॉलेजात अमेरिकन इतिहासाचं जे पुस्तक लावलं होतं त्यात हाच खलनायक होता.


पडवीतला_पाहुणा:

आजोबा, जिभेचं मान्य. लिंकनने म्हणे याला विचारलं, सायमन कॅमेरॉन मंत्री होतोय, चोरी तर नाही ना करणार? हा म्हणाला, लालबुंद तापलेली शेगडी काही चोरेल असं वाटत नाही. कॅमेरॉन चिडला, शब्द मागे घे म्हणाला. तर हा लिंकनकडे जाऊन म्हणाला, शेगडी चोरणार नाही असं मी बोललो होतो, ते मागे घेतो. आजारात केस गेलेले, टोप घालायचा, एका बाईने आठवण म्हणून केसांची बट मागितली तर अख्खा टोपच काढून हातात दिला अशीही कथा आहे.

तुमच्या पुस्तकाबद्दल सांगायचं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या विद्यापीठांतच अशी फळी होती जी युद्धानंतरची पुनर्रचना म्हणजे दक्षिणेवर झालेला अन्याय असं शिकवायची. १९१५ च्या एका गाजलेल्या मूकपटातला दुष्ट पुढारी सरळसरळ याच्यावर बेतलाय. आपल्याकडे तीच पुस्तकं आली असणार.

आता जमिनीचं नीट बघू, कारण मला सगळ्यात जास्त तिथेच थांबावंसं वाटलं. ६ सप्टेंबर १८६५, याच गावात, लँकेस्टरला भाषण. युद्ध संपून पाच महिने झालेले. म्हणाला, दक्षिणेतल्या सगळ्यांची नको, फक्त ज्यांच्याकडे २०० एकरच्या वर आहे अशा बड्या ७०,००० जणांची घ्या. एवढ्या थोड्या लोकांकडे किती, तर ३९ कोटी ४० लाख एकर. त्यातले ४० एकर प्रत्येक मुक्त झालेल्या सज्ञान पुरुषाला द्या, असे दहा लाख धरले तर ४ कोटी एकर. उरलेली दहा डॉलर एकराने विका, ३५४ कोटी डॉलर येतील, त्यातून युद्धाचं कर्ज आणि सैनिकांची पेन्शनं. दक्षिणेतल्या दहातल्या नऊ गोऱ्यांच्या केसालाही धक्का लागत नव्हता. मान मागत नव्हता हो तो कुणाची, सातबारा मागत होता.

त्याचं म्हणणं एवढंच की कालपर्यंत ज्याला विकत होता त्याला आज मोकळं सोडलं, पण ना घर, ना बैल, ना खिशात दमडी. तो उद्या सकाळी कुणाच्या दारात उभा राहणार? त्याच मालकाच्या. आणि तसंच झालं. शर्मन या सेनापतीने जानेवारी १८६५ मध्ये किनारपट्टीवर काही कुटुंबांना ४० एकरांपर्यंतचे तुकडे दिले होते, ते जॉन्सनने जुन्या मालकांना परत करायला लावले. स्टीव्हन्सने १८६७ ला विधेयक आणलं, त्याच्याच पक्षाने हात वर केले. पुढे वाट्याची शेती आणि दुकानदाराची उधारी यात दोन तीन पिढ्या गेल्या.


काळा_कोट:

इथे मला कायद्याने अडवावंसं वाटतं. अमेरिकन घटनेत देशद्रोहाबद्दल जप्ती करायची तर ती त्या माणसाच्या हयातीपुरती, वारसांचं काढून घेता येत नाही. मग हे ४० एकर कायमचे कसे देणार होता?


पडवीतला_पाहुणा:

यावर त्याचं उत्तर वकिली आहे, तुम्हाला आवडेल. बाकीचे म्हणायचे राज्यं कधी फुटलीच नाहीत, कारण फुटणं बेकायदा होतं. हा म्हणाला, खून बेकायदा आहे म्हणून माणूस मेला नाही असं म्हणता का? फुटली, लढली, हरली. आता तो जिंकलेला मुलुख, तिथे आपली घटना नाही, युद्धाचे कायदे लागू. (खुनाचं उदाहरण माझ्या शब्दांत आहे, पण युक्तिवादाचा झोक हाच.)


काळा_कोट:

अरे वा. १८२१ ला सहा महिने सलग पाहिजेत म्हणणारा हाच तो. फट शोधायची नजर तीच, अशील बदलला.


तिखटमीठ:

हे काळा कोट यांचं वाक्य धाग्याच्या वर चिकटवा कुणीतरी.


निद्रानाश:

अवांतर आहे पण राहवत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला गुलामगिरी छापली ती अर्पण केलीय युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी जे केलं त्याच्या सन्मानार्थ, आणि माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा अशी इच्छाही तिथेच. स्टीव्हन्सला जाऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. म्हणजे पुण्यात बसून तिकडच्या घडामोडी ताज्या ताज्या वाचत होते. आणि दुसरं, अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतले कायद्याचं समान संरक्षण हे शब्द आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मध्ये आहेत. चौदावी आणि चौदा, हा मात्र योगायोग.


काळा_कोट:

+१. फक्त एक दुरुस्ती, ते शब्द बव्हंशी ओहायोच्या जॉन बिंगमचे. स्टीव्हन्सने संयुक्त समितीत बसून ती दुरुस्ती प्रतिनिधीगृहात आणली आणि रेटली.


शाळामास्तरीण:

आणि त्याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात घटनेत पहिल्यांदा पुरुष हा शब्द घुसला, मताधिकाराच्या संदर्भात. बायकांच्या मतासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ कॅडी स्टॅन्टन आणि सुझन अँथनी भडकल्या त्या उगीच नाही. समतेच्या राजाला आम्ही दिसलो नाही का?


पडवीतला_पाहुणा:

बाई, बरोबर आहे तुमचं, यावर मी बचाव करत नाही. त्याला स्वतःलाही ती दुरुस्ती अर्धवट वाटत होती, काळ्यांना थेट मताधिकार सुद्धा नव्हता तिच्यात. १३ जून १८६६ ला शेवटच्या मतदानाआधी उठून म्हणाला की तरुणपणापासून स्वप्न होतं, कधीतरी या देशाच्या सगळ्या संस्था अशा नव्याने घडवू की माणसाला माणसावर चढून बसायला जागा उरणार नाही, ते स्वप्न विरलं, जुन्या इमारतीच्या पडक्या भागांवर ठिगळ लावून समाधान मानावं लागतंय. मग का स्वीकारतोस? तर म्हणाला, कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही. १२० विरुद्ध ३२ ने पास झाली.

त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १८६५ मध्ये, तेराव्या दुरुस्तीच्या वेळी तर आणखी जीभ चावली होती. आयुष्यभर समता समता करणारा माणूस सभागृहात म्हणाला की सगळ्या बाबतीत समानता असं माझं म्हणणं नाही, फक्त कायद्यापुढे. विरोधक त्याला डिवचत होते की बोल, काळे आमच्या बरोबरीचे असं बोल, म्हणजे कुंपणावरची मतं पळतील. तो नाही सापडला. ११९ विरुद्ध ५६ ने दुरुस्ती पास झाली, दोन तृतीयांश मतं लागत होती, तीन मतं इकडची तिकडे झाली असती तर पडलीच असती.


मिसळ_एक_पाव_दोन:

लग्न वगैरे? घरी कोण होतं? (हलके घ्या, पण खरंच विचारतोय)


पडवीतला_पाहुणा:

लग्न नाही केलं. दोन अनाथ पुतणे सांभाळले, त्यातला एक युद्धात चिकामॉगाच्या लढाईत गेला. घर वीसेक वर्षं लिडिया हॅमिल्टन स्मिथने चालवलं. मिश्र वंशाची विधवा, दोन मुलांची आई. लोक काय काय बोलायचे, वर्तमानपत्रं तर विचारूच नका. त्या काळी काळ्या बाईला कुणी आडनावाने हाक मारत नसत, याच्या घरी मात्र ती मिसेस स्मिथ. गेटिसबर्गच्या लढाईनंतर तिने गाडी घेऊन गावोगाव फिरून अन्न कपडे गोळा केले आणि जखमींना वाटले, दोन्हीकडच्या. लढाईच्या काही दिवस आधी दक्षिणेच्या फौजेने याचा लोखंडाचा कारखाना मुद्दाम जाळला होता तरी. (कारखाना जळाल्याचं कळल्यावर याने विचारलं म्हणे, कर्जं पण जळली का?) याच्या मृत्युपत्रात तिची सोय होती, त्यातून तिने पुढे हेच राहतं घर विकत घेतलं. मृत्युपत्रात आईच्या थडग्यासाठीही पैसे, दर वसंतात चार कोपऱ्यांना गुलाब लावायचे म्हणून. आणि अनाथ मुलांसाठी शाळा, वंश धर्म न बघता सगळी पोरं एका टेबलावर जेवतील या अटीवर. ती शाळा आज टेक्निकल कॉलेज आहे, किंग स्ट्रीटवर, आमच्या एसीला जो पोरगा आला होता तो तिथलाच.

आजोबांच्या महाभियोगाबद्दल राहिलं. १८६८. तब्येत इतकी गेलेली की दोन माणसं खुर्चीत बसवून सभागृहात उचलून न्यायची. त्यांना म्हणायचा, तुम्ही दोघं मेल्यावर मला कोण नेणार रे? सिनेटपुढे भाषण सुरू केलं, आवाज पुरला नाही, उरलेलं त्याचा सहकारी बेंजामिन बटलरने वाचून दाखवलं. ३५ विरुद्ध १९, दोन तृतीयांश लागत होती, एका मताने जॉन्सन वाचला. चौदाव्या दुरुस्तीला जुलैत राज्यांची मंजुरी मिळाली आणि ११ ऑगस्टच्या मध्यरात्री हा गेला. कॅपिटॉलच्या घुमटाखाली ठेवलं, तो मान तोवर हेन्री क्ले आणि लिंकन या दोघांनाच मिळाला होता, आणि पहारा होता काळ्या सैनिकांचा.


खडूस_आजोबा:

बरं. सूडबुद्धी मागे घेतो. जिभेचं ठेवतो.


निद्रानाश:

शेगडीसारखं मागे घेताय ना, आजोबा?


तिखटमीठ:

बाबांना काय वाटलं शेवटी? ते सांगाच.


पडवीतला_पाहुणा:

काल रविवारी दोघांना घेऊन गेलो. आई गाडीतच बसली, थंडी होती. बाबांनी दगड परत वाचला, बोट ठेवून, एकेक ओळ. मग म्हणाले आमच्या गावाला दोन स्मशानं होती, ओढ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक, पावसाळ्यात पलीकडच्यांना मयत घेऊन ओढ्यातून जावं लागायचं, आणि ओढ्यावर पूल मागायला लोक यायचे तेव्हा ती फाईल माझ्या टेबलावर चार वर्षं होती. एवढंच बोलले. मी काही विचारलं नाही.

परत येताना मी विषय बदलायचा म्हणून सांगितलं की राष्ट्राध्यक्ष बुकॅनन पण याच गावचा, तोही वकील, दोघांचं जन्मात पटलं नाही, आणि तोही १८६८ लाच, याच्या दोन महिने आधी गेला. त्याचीही समाधी आहे इथे, मोठी आहे, जायचं का? बाबांनी विचारलं, "ह्याच स्मशानात?" म्हटलं नाही, ती वुडवर्ड हिलला, दुसऱ्या टोकाला.

"मग राहू दे," म्हणाले, "आईला भूक लागली असेल."